होकार नाही, नकारही नाही: प्रकाशकाच्या मोघम उत्तराचं करायचं काय?

प्रश्न: माझी पहिली कादंबरी सुमारे ९२,००० शब्दांची आहे. ती चार प्रकाशकांकडे पाठवली. पहिल्यांचं उत्तर आलं, 'लेखन आवडलं, मात्र सध्याची यादी भरली आहे, यथावकाश कळवू.' त्याला आठ महिने होऊन गेले. दुसऱ्या ठिकाणच्या संपादकांनी लिहिलं, 'कादंबरीत ताकद आहे. दोन भावांच्या भांडणाचा भाग विशेष जमला आहे, पण मधली शंभर पानं सैल वाटतात. पुनर्लेखन केलंत तर पुन्हा वाचायला आवडेल.' तिसऱ्यांचा फोन आला, 'करू या आपण पुस्तक, थोडा तुमचा सहभाग लागेल.' चौथ्यांकडून साधी पोचही नाही. कुणीच नकार दिलेला नाही, म्हणून अजून दुसरीकडे पाठवलेली नाही. थांबावं का? पुनर्लेखनाला बसावं का? याच पात्रांवरचा दुसरा भाग डोक्यात घोळतोय, तो लिहायला घ्यावा का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: कुणीच नकार दिलेला नाही, म्हणून अजून दुसरीकडे पाठवलेली नाही. मोघम उत्तराने कादंबरी कुणासाठी राखून ठेवली जात नाही. लेखी करारावर सह्या होईपर्यंत प्रकाशक मोकळे असतात, तसे तुम्हीही असता. बाड त्यांच्या कपाटात आहे म्हणून त्यांचा त्यावर हक्क तयार होत नाही. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत, म्हणजे जवळपास सगळ्या जगात, लेखनाचा स्वामित्वहक्क लिहिता क्षणीच लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीसुद्धा लागत नाही. दुसरीकडे पाठवायला अडसर दोनच प्रसंगी येतो: प्रकाशकाच्या सूचनांमध्ये 'एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावे' अशी अट असेल तर, किंवा सोबतच्या पत्रात तुम्ही स्वतःच तसा शब्द दिला असेल तर. तेव्हा चौघांना काय लिहिलं होतं ते आधी काढून बघा.

आता ही उत्तरं मोघम का येतात, ते. बहुतेक लेखक अशा ओळींमध्ये दडलेला होकार किंवा दडलेला नकार शोधत बसतात. पुष्कळदा तिथे दोन्ही नसतं, कारण निर्णयच झालेला नसतो. आलेली कादंबरी आधी कुणीतरी चाळतो: सोबतचं पत्र, कथासार, पहिली तीस-चाळीस पानं. बरी वाटली तर ती परीक्षकाकडे जाते. हे परीक्षक बहुधा बाहेरचे असतात, स्वतःची कामं सांभाळून वाचतात, आणि इथेच महिने जातात. त्यांचा अभिप्राय आला की संपादक स्वतः वाचतात. मग हिशेब मांडला जातो: पानं किती, किंमत किती ठेवावी लागेल, पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती काढायच्या, विक्री बघणाऱ्यांचं म्हणणं काय. शेवटी मालक किंवा बैठक ठरवते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर बाड अडकू शकतं. कुठे अडकलंय हे लेखकाला कळवायची मात्र पद्धत नसते, त्यामुळे सगळ्या टप्प्यांवरून जवळपास सारखंच वाक्य बाहेर पडतं.

म्हणून उत्तर हातात आलं की त्यातली विशेषणं आणि कौतुकाची क्रियापदं खोडून टाका. 'आवडलं', 'ताकद आहे', 'वेगळा विषय', सगळं. उरलेल्या मजकुरात चार गोष्टी शोधा: पुस्तक वाचल्याशिवाय लिहिताच आला नसता असा एखादा तपशील, तुमच्याकडे केलेली मागणी, मुदत, आणि खाली सही करणाऱ्या माणसाचं नाव. चारही असतील तर प्रकरण जिवंत आहे. एकही नसेल तर ते उत्तर कुठल्याही कादंबरीला चिकटवता आलं असतं. मग एकतर वाचन झालेलं नाही, नाहीतर तो सौम्य नकार आहे.

या चाळणीतून तुमचं पहिलं उत्तर गेलं की हातात काहीच उरत नाही. यादी भरल्याचं कारण खोटं असेलच असं नाही. पुढच्या वर्ष-दीड वर्षाची पुस्तकं आधीच ठरलेली असणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पण खरोखर हवं असलेलं पुस्तक त्या यादीच्या शेवटी टाकलं जातं आणि तसं कळवलंही जातं. आठ महिन्यांनंतर विचारणं हा उद्धटपणा नाही. आमचा साधारण हिशेब असा: पोच तीन-चार आठवड्यांत यायला हवी. संपूर्ण कादंबरी पाठवली असेल आणि मुदत सांगितलेली नसेल, तर तीन महिन्यांनी पहिलं स्मरणपत्र, त्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं. मुदत सांगितली असेल तर ती उलटून दोन आठवडे जाऊ द्या. तुमची ही पायरी केव्हाच मागे पडली आहे, तेव्हा पहिलंच पत्र थोडं नेमकं असू द्या.

विचारताना प्रश्न असा ठेवा, की समोरच्याला एका ओळीत उत्तर देता यावं. 'काही कळलं का?' याला उत्तर द्यायचं तर संपादकाला सगळा कागदपत्रांचा ढीग उपसावा लागतो, म्हणून तो ते उद्यावर टाकतो. त्याऐवजी असं लिहा:

'सप्रेम नमस्कार. माझी अमुक नावाची कादंबरी अमुक तारखेला आपल्याकडे पाठवली होती. सध्याची यादी भरली असून यथावकाश कळवू, असं आपण अमुक तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. तिची स्थिती पुढीलपैकी कोणती आहे, एवढं एका ओळीत कळवलंत तर आभारी होईन: (अ) वाचन व्हायचं आहे, (आ) वाचन झालं असून निर्णय बाकी आहे, (इ) स्वीकारता येणार नाही. नव्या यादीची आखणी होते त्या महिन्यात पुन्हा पाठवणं सोयीचं असेल, तर तो महिनाही कळवावा. अमुक तारखेपर्यंत काही कळलं नाही, तर ती इतरत्र पाठवण्यास मी मोकळा आहे असं समजेन. आपण वाचण्याची तयारी दाखवलीत त्याबद्दल मनापासून धन्यवाद.'

तारीख चार ते पाच आठवड्यांनंतरची द्या, आणि ती पाळा. तारीख उलटल्यावर आणखी एक स्मरणपत्र पाठवलंत, तर त्या तारखेला काही अर्थ उरत नाही. महिना विचारण्यामागे हेतू आहे: यादीचं कारण खरं असेल तर संपादक सहज एखादा महिना सांगतो; कारण सबबीपुरतं असेल तर त्या प्रश्नाला बगल मिळते. पत्रात काय नको, तेही सांगतो. मित्रांना कादंबरी किती आवडली ते नको. दुसऱ्या प्रकाशकाने जवळजवळ हो म्हटल्याची थाप नको. या क्षेत्रात माणसं एकमेकांना ओळखतात. ओळखीच्या मोठ्या लेखकाकडून फोन करवणं तर सगळ्यात वाईट. त्याने वाचन लवकर होतं, पण वाचणारा आधीच वैतागलेला असतो.

उत्तर (अ) आलं आणि तोवर तुम्ही पुनर्लेखनाला बसलेले असाल, तर नवा खर्डा केव्हा तयार होईल ते सांगून 'तोच पाठवू का?' असं विचारा. पहिल्या पत्रात मात्र पुनर्लेखनाचा उल्लेख करू नका. तसा केलात तर 'झालं की पाठवा' म्हणून विषय मिटवण्याची सोय त्यांना आयतीच मिळते.

दुसरं उत्तर तुमच्याकडच्या चारांत सगळ्यात मोलाचं आहे आणि तुम्ही त्याला बाकीच्यांच्या रांगेत उभं केलं आहे. भावांच्या भांडणाचा उल्लेख आणि 'मधली शंभर पानं' हे कादंबरी पुरी वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. एवढा वेळ संपादक उगाच घालवत नाहीत. तरीही 'पुन्हा वाचायला आवडेल' म्हणजे 'छापू' नव्हे, हे पक्कं धरून चाला. त्यामुळे बसण्याआधी दोन गोष्टी करायच्या.

एक, आभाराच्या पत्रात तीन प्रश्न विचारा. सैलपणा नेमका कोणत्या प्रकरणापासून जाणवायला लागतो? एकूण लांबी कितीच्या आसपास असलेली बरी? नवा खर्डा तुम्ही स्वतः वाचाल की पुन्हा परीक्षकाकडे जाईल, आणि साधारण किती वेळ लागेल? तीनपैकी दोनांची उत्तरं आली तरी पुरे. एकाचंही आलं नाही तर पुनर्लेखन त्यांच्यासाठी करू नका. तुम्हाला पटलं तर कादंबरीसाठी करा.

दोन, सूचना तुम्हाला स्वतःला पटते का ते तपासा. त्या भागाबद्दल लिहितानाच मनात शंका होती का? आधी वाचलेल्या कुणी तिथे वाचन थांबवलं होतं का? दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, जागा सहसा चुकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ आणि चार रकाने असा तक्ता करा: प्रकरणाचा क्रमांक, शब्दसंख्या, या प्रकरणात काय बदलतं, आणि हे प्रकरण काढलं तर पुढचं काय अडतं. 'काय बदलतं'मध्ये घटना लिहू नका, बदल लिहा. 'दोघं हॉस्पिटलात भेटतात' ही घटना झाली; 'धाकट्याला कळतं की थोरल्याने कागदांवर आधीच सही केली आहे' हा बदल झाला. मधल्या शंभर पानांत तिसरा आणि चौथा रकाना कोरा राहिलेली प्रकरणं सापडतील. सैलपणाची कारणं बहुतेक ठरलेली असतात. एकच संघर्ष जागा बदलून पुन्हा होतो. वाचकाला निवेदनातून कळलेली गोष्ट पात्रं संवादातून पुन्हा एकमेकांना सांगतात. पूर्वकथा जिथे हवी होती तिथून पुढे सरकून मधे येऊन बसते. नाहीतर उपकथानक मुख्य कथेला कुठेच स्पर्श करत नाही.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे वाक्यं कातरत बसणं. प्रत्येक पानावरची चार विशेषणं आणि एखादं वाक्य काढून शब्दसंख्या पाच टक्क्यांनी उतरते, लेखकाला हलकं वाटतं आणि सैलपणा तसाच राहतो, कारण तो वाक्यांत नसतोच. दोन प्रसंगांचा एक प्रसंग करावा लागतो, किंवा आख्खं प्रकरण काढून त्यातली एकमेव कामाची गोष्ट दुसरीकडे न्यावी लागते. जुनी फाइल तशीच ठेवून नवी तारीख घातलेल्या फाइलवर काम करा. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवलात तर कापताना हात थरथरत नाही.

लांबीचाही एक रोकडा हिशेब आहे, जो संपादक पत्रात लिहीत नाहीत. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानावर साधारण २८० शब्द धरले, तर तुमच्या ९२,००० शब्दांची ३२८-३२९ पानं होतात. सुरुवातीची आठ धरून ३३६ च्या वर एखादं पान जातं. ऑफसेट छपाईत पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी बनतं: २१ फर्मे म्हणजे बरोबर ३३६, आणि त्या एका पानासाठी आणखी अर्धा फर्मा. कादंबरी ८०,००० शब्दांवर आली तर २८६ अधिक ८, म्हणजे २९४ पानं होतात, आणि ती साडेअठरा फर्म्यांत, २९६ पानांत बसतात. तीन फर्मे वाचले की कागद, छपाई, बांधणी सगळंच उतरतं आणि छापील किंमत खाली आणता येते. पहिल्या कादंबरीच्या बाबतीत बैठकीत अडणारी गोष्ट बरेचदा हीच असते. म्हणजे दहा-बारा हजार शब्द कमी करून आणलेला खर्डा वाङ्मयीन कारणाने परत आला, तरी पुढच्या दारी त्याचा फायदाच होईल. अर्थात फर्म्यासाठी कादंबरी कापू नका; कापायचीच आहे तर हे आकडे माहीत असू द्या.

वेळ घ्या, सहा ते दहा आठवडे. दहा दिवसांत परत आलेला खर्डा बघून संपादक समजतात की वरवर हात फिरवला आहे. वर्षभराने पाठवलात तर त्यांना आधीचा आठवत नाही, कदाचित ते त्या जागीही नसतील. सोबत एका पानाचं टिपण द्या: काय बदललं, कोणत्या प्रकरणांत, आधीची आणि आताची शब्दसंख्या. जी सूचना मानली नाही तिचं कारण एका वाक्यात. 'शेवटाची संदिग्धता मुद्दाम ठेवली आहे' एवढं पुरतं. समर्थनाचा निबंध लिहिलात तर सोबत काम करायला हा माणूस अवघड जाणार अशी भीती बसते.

पुनर्लेखन चालू असताना जुना खर्डा नव्या ठिकाणी पाठवू नका. त्यातलं दुखणं तुम्हाला आता माहीत आहे, आणि एकदा परत केलेली कादंबरी तेच प्रकाशक दुसऱ्यांदा क्वचितच वाचायला घेतात. नवा खर्डा मात्र या संपादकांना आधी द्या, आणि पत्रातच लिहा की आठ आठवडे तो फक्त आपल्याकडे असेल, त्यानंतर इतरांकडेही पाठवेन. त्यांनी घेतलेल्या कष्टांची ती योग्य परतफेड आहे आणि तुमचाही हात बांधला जात नाही.

तिसऱ्यांच्या फोनमध्ये 'करू या' हा होकार नाही, तो दरपत्रकाचा पहिला शब्द आहे; 'सहभाग' म्हणजे खर्चातला तुमचा वाटा. रूढ व्यवहारात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. लेखकाच्या खर्चाने पुस्तक काढण्यात अप्रामाणिक काही नाही, पण मग त्याला तेच नाव द्यावं आणि तसाच हिशेब व्हावा. फोनवर काहीही कबूल न करता लेखी प्रस्ताव मागा. त्यात प्रती किती छापणार, त्यातल्या किती तुम्ही किती सवलतीत विकत घ्यायच्या, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कुणाच्या नावावर, वितरण कोण आणि कुठे करणार, पुस्तक कोणत्या महिन्यात येणार, हे सगळं हवं. 'सहभाग' बहुधा रोख रकमेपेक्षा प्रतींच्या खरेदीच्या रूपात येतो. तीनशे प्रती तुम्ही घ्यायच्या आणि आवृत्ती पाचशेची असेल, तर विक्रीचा बहुतेक भार तुमच्यावरच पडला आहे.

रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्याचा टक्का बघताना तो कशावर आहे ते आधी बघा. छापील किंमत १०० धरली, तर दहा टक्के म्हणजे १०. पण प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर दहा टक्के असतील आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत जात असेल, तर तुमच्या वाट्याला ६ येतात. दोन्ही करारांत शब्द 'दहा टक्के' हेच. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांपैकी ज्याचं काम प्रकाशक प्रत्यक्ष करणार नाहीत, त्याचे हक्क त्यांना देऊ नका. आवृत्ती संपल्यावर ठरावीक महिन्यांत नवी काढली नाही तर हक्क परत येतील, असं कलम असू द्या. लेखी प्रस्ताव येत नसेल, किंवा कराराआधी रक्कम भरायचा आग्रह असेल, तर विषय तिथेच थांबवा.

चौथ्यांचं थोडक्यात. गप्प राहण्याचं कारण कधीकधी तांत्रिक असतं. कादंबरी श्रीलिपीच्या वगैरे जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर दुसऱ्याच्या संगणकावर ती अक्षरांचा काला होऊन उघडते आणि ते कळवायचे कष्ट कुणी घेत नाही. युनिकोडमधली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ असं पुन्हा पाठवा, ईमेलच्या विषयात कादंबरीचं नाव आणि शब्दसंख्या लिहा, पोच मागा. तीन आठवड्यांत ती आली नाही तर त्यांचं नाव यादीतून काढा. 'आपलं बाड परत घेत आहे' असं कळवायची औपचारिकता इथे गरजेची नाही.

नव्या खर्ड्याचे ते आठ आठवडे संपले, की नवीन तीन-चार ठिकाणं निवडा, एकदम दहा नव्हे. पहिल्या खेपेत कुणाकडून कामाचा अभिप्राय आला, तर तो वापरून सुधारलेला खर्डा पुढच्या खेपेला जातो. सगळीकडे एकदम पाठवून बसलात तर सुधारलेला खर्डा पाठवायला ठिकाणच उरत नाही. एकाहून अधिक ठिकाणी पाठवली असल्याचं प्रत्येक पत्रात एका वाक्यात लिहा. कुणी स्वीकारली तर इतरांना त्याच दिवशी कळवा. वहीत किंवा तक्त्यात तारीख, कोणता खर्डा, पूर्ण कादंबरी की नमुन्याची तीन प्रकरणं, उत्तराचे शब्द जसेच्या तसे, आणि पुढची तारीख एवढं टिपत चला. शब्द जसेच्या तसे अशासाठी, की चार महिन्यांनी 'बघू' चं आठवणीत 'नक्की बघू' झालेलं असतं.

पुढे कधी 'हे आमच्या धोरणात बसत नाही, पण आपलं पुढचं लेखन आवर्जून पाठवा' असं आलं, तर पहिला भाग या कादंबरीला स्वच्छ नकार आहे, त्यावर हुज्जत नको. दुसरा भाग मात्र खाली माणसाचं नाव असेल तर खरा धरा. सगळ्यांना जाणारं ठरावीक साच्याचं पत्र बहुधा 'शुभेच्छा' वर संपतं.

राहिला दुसऱ्या भागाचा प्रश्न. लिहा, पण याच पात्रांवरचा नको. पहिला भाग स्वीकारला गेला नाही तर दुसरा कुणाकडेच पाठवता येत नाही, आणि स्वीकारला गेला तर संपादनात पहिल्याचा शेवट बदलू शकतो, म्हणजे दुसऱ्याची सुरुवातच कोसळते. डोक्यात घोळणारं दोन-तीन पानांच्या टिपणात उतरवून ठेवा आणि स्वतंत्र कथानक घ्या. दुसऱ्या संपादकांनी 'सध्या आणखी काय लिहिताय?' असं विचारलं, तर त्यांना सांगायला तेच उपयोगी पडेल.